बाटलीच्या गळ्यातून ऐकलेला समुद्र

“बाई, हिच्या आत कुणीतरी हाय! बाई, पटकन या! पळा!”

ओरडणारी पोरगी सतरंजीवरून उठून खिडकीच्या गजांना जाऊन चिकटली होती. तिचा आवाज असा, की तलासरीच्या पूर्वेला डोंगराच्या पोटाशी असलेल्या आमच्या शाळेत ती ‘हजर’ म्हणाली तर गुजरातेतल्या एखाद्या शाळेत तिची हजेरी लागावी. तिच्या हातात बाटलीचा कापलेला गळा होता, त्याला लावलेली नळी जमिनीवर लोळत होती, आणि नळीच्या पलीकडे मांडी घालून, अजिबात न हलता बसलेली एक बारीक मुलगी होती. ‘हिच्या आत’ म्हणजे तिच्या आत.

ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे. स्टाफरूममध्ये, लग्नात, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बायकांना. दर वेळी मोठ्याने. लोक कुठे हसतात त्या जागा मला पाठ झाल्यात. माझं मात्र या गोष्टीच्या बाबतीत दाढ काढण्याआधीच्या इंजेक्शनसारखं झालंय. गाल आहे, पण आपला नाही. चावला तरी कळत नाही. म्हणून एकदा लिहून बघते.

मी सातवीला विज्ञान शिकवते. माझ्या वर्गात पुस्तक कमी उघडतं आणि बादल्या जास्त भरतात. आता खोटं कशाला बोलू, माझ्या प्रयोगांनी शाळेला बरंच सोसायला लावलंय. लिंबाची बॅटरी करायला चाळीस लिंबं आणली, तार जोडेपर्यंत अकरा उरली. बाकीची मीठ लावून पोटात गेली होती. दिवा लागला नाही, पण वर्गाचे दात इतके आंबले की तीन दिवस कुणी भाकरी चावली नाही. कांद्याची साल सूक्ष्मदर्शकाखाली बघितली त्या दिवशी मुख्याध्यापक ऑफिसात बसून रडले, आणि पालकांना वाटलं त्यांची बदली झाली. हां, थोडं वाढवलं. पण थोडंच.

त्या दिवशी आम्ही डॉक्टरकाकांची नळी बनवत होतो. हायवेच्या कडेने मुलांनी थंड पेयाच्या बाटल्या गोळा करून आणलेल्या. बाटलीचा गळा कापायचा, रुंद बाजूवर फुगा ताणून रबर चढवायचं आणि तोंडाच्या बाजूला नळी खुपसायची. नळी म्हणजे गवंडी लोक भिंतीची पातळी बघायला वापरतात ती, आरपार दिसणारी. एका मुलीच्या बापाने अख्खं वेटोळं देऊन टाकलं. त्या आठवड्यात त्याने नळीवाचून बांधलेली भिंत अजून डहाणूकडे झुकलेली आहे, जाऊन बघा.

फळ्यावर मी तीन शब्द लिहिले होते : निरीक्षण, फरक, कारण. मुलांनी जोड्या लावून एकमेकांच्या छातीला बाटल्या लावल्या आणि वहीत लिहायला घेतलं. ढब-ढब. ढब-ढब. एकाचं म्हणणं, त्याच्या छातीत ढोल आहे. दुसरा म्हणाला, तुझा डब्बा आहे. सगळं सुरळीत चाललेलं. आणि मग ती किंकाळी.

मी गेले. बाटली त्या बारीक मुलीच्या डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली लावली आणि नळी कानात घातली.

ढब नव्हतंच. किंवा असेल, पण वर दुसरंच काही होतं. एक सलग घरघर. ती चढत जायची, मग ओसरायची, पण थांबायची नाही. ओसरता ओसरता पुन्हा चढायला लागायची. मी वरोरची, मासेमारीच्या घरातली. हा आवाज मी पाळण्यात ऐकलाय.

नळी कानातून काढली तर वर्ग चिडीचूप. तिसांपैकी एकोणतीस तोंडं माझ्याकडे, आणि तिसावी मान खाली. ही मुलगी धावायच्या शर्यतीत शेवटची, खो-खोत पहिली बाद. शाळेकडचा चढ चढताना वाटेत दगडावर टेकायची. वर्ग तिला ‘म्हातारी’ म्हणायचा. आणि आता तिच्या आत कुणीतरी निघालं होतं. तिचा खालचा ओठ हलत होता. हा ओठ मला चांगला ठाऊक. त्यानंतर मुली आठवडाभर शाळेत येत नाहीत.

“अगं, कुणी नाही तिच्यात,” मी म्हटलं. “समुद्र आहे.”

“समुद्र?”

“वरोरचा. मी लगेच ओळखला. आमच्या घरामागचाच आहे.”

आणि सुटले. माझ्या लहानपणी एकदा वरोरला ओहोटी लागली आणि पाणी जे गेलं ते परत आलंच नाही. अडीच दिवस. बोटी चिखलात आडव्या, बोंबील उन्हात उभे राहून एकमेकांना वाट विचारतायत. गावाने सगळीकडे शोध घेतला. झाईपर्यंत माणसं धाडली, रानशेतला विचारून आले. तिसऱ्या दिवशी पाणी आलं, पण थोडं कमी आलं. उरलेलं कुठे गेलं ते आजवर कुणाला कळलं नव्हतं. “आज कळलं,” मी म्हटलं, “इथं येऊन दडलंय.”

“मग बोंबील?” मागून कुणीतरी विचारलं.

“बोंबील पण आतच. म्हणून तर ती एवढी बारीक.”

वर्ग फुटला. ती बारीक मुलगीसुद्धा हसली. मी तिला हसताना तोवर पाहिलं नव्हतं, आणि मला फार बरं वाटलं. या गोष्टीत मला काही वाटल्याचं एवढंच आठवतं.

फळ्यावर अजून लिहिलेलं होतं : निरीक्षण, फरक, कारण. एकोणतीस छात्या एक सांगतात आणि तिसावी दुसरं, तर पुढे काय करायचं ते खडूने, माझ्याच अक्षरात. मी फळा पुसला आणि गणिताच्या सरांना वर्ग दिला.

पुढचे दोन महिने ती मुलगी आमच्या शाळेची राणी होती. मधल्या सुट्टीत पाचवी-सहावीची रांग लागायची. भरती आहे का ओहोटी, यावर पैजा लागायच्या. ती पळून आली की भरती, हे मुलांनीच शोधून काढलं, आणि मला त्याचंही कौतुक वाटलं. बघा, निरीक्षण करतायत. तिला कुणी म्हातारी म्हणेना. जिच्या किंकाळीने हे सुरू झालं ती पोरगी तिची खास मैत्रीण झाली आणि रांगेची व्यवस्था बघू लागली. “एकेक जण! धक्का मारू नका, पाणी हिंदकळतंय!”

गोष्ट पाड्यावर पोचली. तिकडे ती माझ्यापेक्षा चांगली वाढली. मुलीची आजी, बापाची आई, सुपारीसारखी वाळलेली आणि तितकीच कडक बाई. समुद्र तिने जन्मात एकदा पाहिलेला, तोही लांबून. तिने नातीच्या छातीला कान लावला आणि देवाच्या कोनाड्यात दिवा लावला. मग बायका यायला लागल्या. नाचणी झोडायच्या आधी कुणी हात लावून जायची, कुणी तान्हं बाळ आणून मुलीच्या मांडीवर ठेवायची. आजीने तिचं पाणी भरणं बंद केलं. समुद्राने विहिरीवर कशाला जायचं?

शाळेत आरोग्य तपासणीची गाडी येते ती त्याआधीच येऊन गेली होती. त्या दिवशी मुलगी मामाकडे भातलावणीला गेलेली. हजेरीत माझ्याच हाताने ‘गैरहजर’ आहे.

मग तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आलं, तलासरीला. ज्वालामुखी नऊ होते, ठिबक सिंचन सहा, चंद्रावर जाणारी यानं मोजवत नव्हती. आमच्या टेबलावर तीन बाटल्यांचे गळे, तीन नळ्या, तीन मुली आणि मागे पुठ्ठ्यावर माझं अक्षर : ‘छातीतला समुद्र ऐका’. आमच्यापुढे अशी झुंबड, की शेजारचा ज्वालामुखी चेंगरून आपोआप फुटला. मी मागे उभी राहून अडीच दिवसांच्या ओहोटीची गोष्ट सांगत होते. आता ती साडेतीन दिवसांची झाली होती.

परीक्षकांत एक डॉक्टरीणबाई होत्या. तरुण, दमलेल्या, वहीत भराभर गुण लिहीत चाललेल्या. पहिल्या मुलीला बाटली लावली, हसल्या. दुसरीला लावली, हसल्या. तिसरीला लावली आणि त्यांचं पेन थांबलं. त्यांनी पिशवीतून स्वतःची खरी नळी काढली. मुलीला बाकावर बसवलं, समोरून ऐकलं, पाठीवरून ऐकलं, मनगट धरून ठेवलं. भोवतीची पोरं म्हणायला लागली, “भरती हाय का मॅडम?”

त्यांनी मला मंडपाच्या मागे नेलं. तिथे चहाची भांडी घासत होते.

“हे तुम्ही कधीपासून ऐकताय?”

“झाले दोन महिने.”

“आणि?”

“आणि,” मी म्हटलं, “मुलांना आवडतं.”

त्या मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला सातवीतल्यासारखं समजावून सांगितलं. आईच्या पोटात असताना बाळाला हृदयाजवळ एक छोटी जोडनळी लागते. जन्मल्यावर ती आपोआप मिटते. हिची मिटलेली दिसत नाही. डहाणूला पुढच्या आठवड्यात तपासणी आहे, तिथे पक्कं कळेल. असेल तर मुंबईला पायातल्या शिरेतून जाऊन बंद करतात, छाती उघडावी लागत नाही. पण तसंच ठेवलं तर हृदय जास्तीचं रक्त ढकलून ढकलून थकतं, आणि मग एक वेळ अशी येते की बंद करूनही उपयोग नसतो.

“ती वेळ केव्हा?”

“तारीख सांगता येत नाही. थांबू नका एवढंच सांगते. वडिलांची सही लागेल.”

मला काही वाटलं नाही. हे मी वाढवून सांगत नाही. यात वाढवायला काही सापडतच नाही. मी मंडपात परत आले. दोन वडे खाल्ले. चटणीत मीठ कमी होतं, ते मी वाढणाऱ्याला सांगितलं. आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. मुलीने ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं, समुद्रावर, आणि आमचा फोटो निघाला. फोटोत मी सगळ्यांत जास्त हसतेय.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पाड्यावर गेले. वेळ थोडा होता. भात झोडून झालं की ती माणसं घर बंद करून कामाला खाली उतरणार होती, वाडीवर नाहीतर वीटभट्टीवर, आणि मुलगी त्यांच्याबरोबर. मग कुठली तपासणी आणि कुठली सही.

बाप खळ्यावर होता. आई चिकूच्या वाडीत कामाला, अंधार पडता यायची. आजी ओट्यावर. त्यांची बोली माझ्या कानावर बसायला मला दोन वर्षं लागली होती. इथे ती माझ्या मराठीत लिहितेय. तिच्या बोलीत सगळ्यांनाच ‘तू’ असतं, देवालाही आणि बाईलाही.

मी डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. काही घातलं नाही, काही काढलं नाही. मला वाटतं, जन्मात पहिल्यांदाच.

आजी म्हणाली, “तू तर म्हणालीस समुद्र हाय.”

“ती गंमत केली होती, आजी.”

“मग ही आता कसली गंमत करतेस?”

“ही गंमत नाही. हे खरं आहे.”

“तेव्हा पण तू असंच तोंड केलं होतंस, पोरगी सांगते.”

बाप खाली बघून पेंढा गोळा करत राहिला. “आई सांगेल तसं,” एवढंच म्हणाला.

यावर मी काय केलं असेल? जे येतं तेच. दुसऱ्या दिवशी प्रयोग घेऊन गेले. शेजारच्या शेतकऱ्याकडून औषध फवारायचा पंप आणला, नवा कोरा, औषध न लागलेला. गवंड्याच्या नळीचे दोन तुकडे शेजारी शेजारी बांधले, मधे पेनाच्या रिफिलचा जोड दिला. हे हृदय, ही एक नळी, ही दुसरी, आणि ही मधली, जी मिटायला हवी होती. पाणी रक्तासारखं दिसावं म्हणून बादलीत हळद टाकली आणि चुना टाकला. हळदीत चुना पडला की लाल होतं, हा माझा सहावीचा आवडता प्रयोग.

आजीने लाल पाणी पाहिलं आणि तिचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. नातीला हाक मारून तिने पाटावर बसवलं, पदर डोक्यावर घेतला, आणि मी पंपाची दांडी धरतेय तोवर वाटीत ते पाणी घेऊन पोरीवरून तीनदा ओवाळलंसुद्धा. हळद-चुन्याचं लाल पाणी दृष्ट काढायला घेतात, हे त्याच पाण्याने वाढलेल्या मला सुचलं नव्हतं. बाईची नजर लागली होती, बाईच उतरवायला आली, असा तिने अर्थ लावला. त्या अर्थात फार चूक नव्हती.

तरी मी पंप मारला. जोडावर बाटलीचा गळा ठेवला आणि नळी आजीच्या कानात दिली. आत श्श्श् आवाज येत होता, चढत, ओसरत. प्रयोग इतका सुंदर जमला होता, की एखाद्या अधिकाऱ्याने बघितला असता तर मला तिथल्या तिथे बढती मिळाली असती.

“ऐकू येतंय?”

“येतंय की,” आजी म्हणाली. “समुद्रच हाय.”

मी बादली उपडी केली. लाल पाणी अंगणाच्या उतारावरून वाहत गेलं आणि कोंबड्या त्यातून चालत गेल्या.

तेव्हा इतका वेळ पाटावर बसलेली मुलगी म्हणाली, “बाई, ते बंद केलं की आवाज जाईल?”

खोटं बोलायला जागा होती. थोडा राहील, म्हणू शकले असते. शिंपल्यात राहतो तसा. माझ्या जिभेवर शिंपला आलासुद्धा होता.

“जाईल,” मी म्हटलं.

“सगळा?”

“सगळा.”

ती उठून आत गेली. मला वाटलं, संपलं. दोन महिन्यांची राणी कशाला परत म्हातारी व्हायला येते. ती बाहेर आली ती आपली बाटली-नळी आणि विज्ञानाची वही घेऊन. ओट्यावर बसून तिने पानावर दोन रेघा ओढल्या आणि वर लिहिलं : कोण, आवाज. वर्गात दाखवलं होतं तसंच. मग खळ्यावर गेली आणि बापाच्या बंडीवर बाटली लावली. लिहिलं. शेजारच्या काकूला लावली. बकरीला लावायला गेली तेव्हा बकरीने नळीच चघळायला घेतली. तोंडातून ओढून पुसली आणि पुन्हा लावली. लिहिलं. माझ्याजवळ आली, मला लावली. माझ्याकडे न बघता लिहिलं. शेवटी आजीला.

आजीचं लिहून झाल्यावर तिने नळीचं टोक आजीच्याच कानात दिलं.

आजी ऐकत राहिली. सगळ्या पाड्याच्या बायका नातीला ऐकून गेल्या होत्या, पण स्वतःचं कुणी ऐकलं नव्हतं.

“हे माझं?”

“तुझंच.”

“एवढंच?”

“एवढंच असतं, आजी. बकरीचं पण एवढंच हाय, नुसतं जोरात पळतंय. सगळ्यांचं बघ, लिहिलंय.” आजीला वाचता येत नव्हतं, तरी तिने वही हातात घेतली आणि त्या रेघांकडे बघितलं. ओळीने ढब-ढब, ढब-ढब, आणि सगळ्यांत खाली ‘मी’, त्याच्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं.

खळ्यावरून बापाचा आवाज आला. तो केव्हा थांबून ऐकायला लागला होता कोण जाणे. “पाण्याला जायची तेव्हा चढावर दोनदा बसायची,” तो म्हणाला. “आदल्या वर्षी एकदाच बसायची.”

हे त्याने वर्षभर आपल्याशीच ठेवलं होतं. निरीक्षण आणि फरक. कारण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

आजीने वही ओट्यावर ठेवली. मग उठली, कोनाड्यातला नारळ काढला आणि माझ्या हातात ठेवला.

“तुझ्या घरामागचा हाय म्हणालीस ना?”

“हो.”

“मग तूच घेऊन जा. जागच्या जागी सोड. पोरीला ते पेलत नाय.”

नारळ घेऊन मी उभी राहिले. सही अजून मागायची होती. बापानेच खिशातलं पेन काढलं. त्याला सही येत होती. सातवीपर्यंत शिकलेला होता, आमच्याच शाळेत.

डहाणूची तपासणी झाली. होतं ते तेच होतं. मुलीला घेऊन आई मुंबईला गेली, बाप आणि आजी मागे राहिले. त्या वर्षी ती माणसं कामाला महिनाभर उशिरा उतरली. मी गेले नाही. माझ्याकडे नारळाचं काम होतं.

ज्या सकाळी तिला आत नेणार होते, त्या सकाळी मी रजा टाकून वरोरला गेले. घरामागे गेले. भरती होती. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला वाजतगाजत जातात, हार घालतात, बोटी सजवतात. मी एकटीच, भलत्याच दिवशी, बाहेरची चप्पल पायात. नारळ टाकला. लाटेने परत आणला. पुन्हा टाकला, पुन्हा आणला. असा तो सतरा वेळा परत आला. बरं, तीनदा. चौथ्यांदा आमच्या शेजारच्या काकांनी उचलला आणि विचारलं, “हा तुझा का गं?” मी नाही म्हटलं. त्यांनी घरी नेला. दुपारी त्याच नारळाची चटणी आमच्याकडे वाटीभर आली आणि मी ती भाकरीशी खाल्ली. मला वाटत होतं, काहीतरी वाटेल. चटणी चांगली होती.

संध्याकाळी मुलीच्या आईचा फोन आला, शेजारच्या खाटेवरच्या कुणाच्या तरी मोबाइलवरून. “झालं बाई. झोपलीय.” आणि ठेवला.

पंचवीस दिवसांनी ती शाळेत आली. पायावर, जांघेजवळ, सुईच्या टोचणीएवढी खूण, तीही दिसणार नाही अशी. वर्गाने तिच्यासाठी जागा सरकवली. मैत्रिणीने डब्यातला पापड दिला. शाळेकडचा चढ ती मधे न बसता चढून आली होती. मी खिडकीतून बघत होते. मधल्या सुट्टीत पाचवीची दोन पोरं सवयीने रांगेत येऊन उभी राहिली. मैत्रिणीने त्यांना हाकललं. नेहमीचा आवाज नव्हता त्यात, नुसता हात हलवला.

मग दुपारच्या तासाला त्या मैत्रिणीनेच कपाटातून बाटलीचा गळा काढला. फुगा सैल झाला होता, तिने नवा चढवला. कुणी सांगितलं नव्हतं. सगळे भोवती जमले आणि तिने तो त्या मुलीच्या छातीला लावला, डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली. ऐकलं. पुन्हा सरकवून ऐकलं. जिने खिडकीला लटकून डोंगर डोक्यावर घेतला होता तिने नळी कानातून काढली आणि काही न बोलता ती त्या मुलीच्याच हातात दिली.

मुलीने नळी स्वतःच्या कानात घातली. बराच वेळ ऐकलं. वर्ग माझ्याकडे बघत होता. अशा वेळी बाई काहीतरी सांगतात, समुद्र कुठे गेला, वाटेत कुणाला भेटला, नारळाचं काय झालं. माझ्याकडे नारळाची गोष्ट तयार होती, सतरा वेळांची. मी तोंड उघडलं आणि निघालं ते एवढंच :

“काय ऐकू येतंय गं?”

“काय नाय बाई,” ती म्हणाली. “सगळ्यांसारखंच.”